आखणीचा हात आणि चकरेची गोळी

२०२३ साल होतं आणि मी बहात्तर वर्षांचा होतो. शाळेच्या दाखल्यावर सत्तर भरतात, पण दाखला लिहिणाऱ्या मास्तरांपेक्षा माझ्या आईचं सांगणं मी जास्त खरं धरतो. शाळा तिसरीत सुटली. पुढे जे काही शिकलो ते पेणच्या गणपतीच्या कारखान्यात, आणि त्यातही एकच काम धरून बसलो. आखणी. म्हणजे गणपतीचे डोळे काढायचे.

बाकीचा रंग कुणीही लावतं. अंगाचा रंग, पितांबर, दागिने, उंदीर, याला चार हात लागले तरी चालतात. डोळ्यांना एकच हात लागतो. आधी भुवई, मग वरची पापणी, मग बुबुळ आणि शेवटी बुबुळात पांढरा ठिपका. ठिपका पडेपर्यंत ती माती असते. ठिपका पडला की ती आपल्याकडे बघायला लागते. हे मी भाविकपणाने सांगत नाही, पन्नास वर्षं रोज बघितलेलं सांगतो.

आमचा कारखाना घराला लागूनच आहे. मुलगा व्यापारी आणि गाड्या बघतो, सून दागिने आणि सोनेरी काम करते, आणि आखणी माझी. सुनेने एकदा विचारलं होतं, "मामा, मला शिकवा की डोळे." मी म्हणालो, "आधी पितांबराच्या निऱ्या सरळ येऊ देत." ती हसली आणि सोनेरी रंगाकडे वळली. तिच्या निऱ्या तेव्हाही सरळच येत होत्या.

त्या वर्षी ज्येष्ठात मी एका चार फुटी मूर्तीची भुवई काढायला मान वर केली आणि कारखाना फिरला. मांडणीवरचे सगळे गणपती एका बाजूला धावले. मी मांडणीचा खांब धरला, डोळे मिटले, मोठ्याने खाकरलो, म्हणजे कुणाला वाटावं घशात काही अडकलंय. थोड्या वेळाने सगळं जागच्या जागी आलं. दुपारी परत मान वर केली, परत तेच.

हे मी कारखान्यात कुणाला सांगितलं नाही. सांगायचं तरी कसं? आखणीवाल्याला चक्कर येते ही बातमी पेणमध्ये एका कारखान्यातून दुसऱ्यात जायला कपातला चहा थंड व्हायचीही वाट बघत नाही. मग लोक डोळे बघत नाहीत, डोळ्यांतला दोष शोधत बसतात. पण बायकोने मला सकाळी खाट धरून उठताना बघितलं आणि कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे नेऊन बसवलं.

डॉक्टर भला माणूस होता, हे आधी लिहून ठेवतो, कारण मला कुणावर ढकलायचं नाही. त्याने समजावून सांगितलं. कानाच्या आत बारीक बारीक कण असतात, ते जागचे सुटले की मान हलवल्यावर चक्कर येते. "आडवे पडा, मी मान दोन्ही बाजूंना वळवतो, कण जागेवर जातील."

मी म्हणालो, "डॉक्टर, मान मोडून घ्यायला मी नाय आलो. गोळी द्या."

"गोळीने कण जागेवर जात नाहीत, काका."

"मग डॉक्टर कशाला झालात?"

बायकोने मला कोपर मारलं. डॉक्टर हसला. गोळी लिहून दिली आणि बोट वर करून म्हणाला, "पाच दिवस. फक्त पाच. आठवड्याने या, तेव्हा मान वळवू." हे त्याने सांगितलं होतं. मी ऐकलं होतं.

तिसऱ्या दिवशी चक्कर गेली. पाचव्या दिवशी गोळ्या संपल्या. सहाव्या दिवशी मी मोठ्या मूर्तीसमोर बसलो आणि मान वर करायची छाती होईना. चक्कर आली नव्हती, येईल अशी भीती होती. मी रिकामं पाकीट खिशात टाकलं आणि मेडिकलवर गेलो.

"काका, परत लिहून दिलीय का डॉक्टरांनी?" मेडिकलवाल्याने विचारलं.

"डॉक्टरला काय रोज जाऊन छळायचं? हीच दे."

त्याने दिली. पुढे तर विचारायचंही बंद केलं. गोळीचं नाव इंग्रजीत होतं, ते मला वाचता येत नव्हतं. पण पाकिटाचा हिरवा मी शंभरात ओळखला असता. मोरपिशीत पांढरा जरा जास्त पडला की होतो तो. रंगावर पोट भरणाऱ्या माणसाला नाव कशाला लागतं, असं मला वाटायचं.

त्या मोसमात माझा हात असा चालला की काय सांगू. भीती गेली, मान वर होत होती, रेघ सुटत होती. एका व्यापाऱ्याने मूर्ती उचलताना सांगितलं, "या वर्षी डोळे बोलतात." मला ते गोळीचं यश वाटलं. मग त्याचा एक नेमच झाला. सकाळी हातपाय धुवायचे, गोळी घ्यायची, पहिल्या मूर्तीला हात जोडायचे आणि रंग घोटायला घ्यायचा. पाकीट ब्रशांच्या डब्यातच असायचं. गणपती झाले, दसरा झाला, माघी गणपतींचं काम सुरू झालं, नेम चालूच. आखणीला बसायचं म्हणजे गोळी घ्यायची. मला ते औषध वाटतच नव्हतं.

पौषात बायको एकदा म्हणाली, "अहो, तंबाखू सोडून वीस वर्षं झाली, मळताय काय?"

मी ओट्यावर बसलो होतो. खाली बघितलं तर उजव्या हाताचा अंगठा पहिल्या बोटावर फिरत होता, तंबाखू मळताना फिरतो तसा. मी तो थांबवला. दुसरीकडे बघितलं की तो परत सुरू. हात मांडीखाली घातला आणि म्हणालो, "थंडी हाय." पेणमध्ये अशी किती थंडी पडते ते तिलाही ठाऊक होतं.

मग पाय घासायला लागले. "चपला झिजवायचा मक्ता घेतलाय का?" ती विचारायची. सकाळी कुशीवर वळता येईना. चेहरा असा झाला की नातेवाईक विचारायचे, रागावलात का? मी रागावलेला नसायचो. जेवताना आमटीचा चमचा तोंडापर्यंत यायच्या आत निम्मा रिकामा व्हायचा. शेवटी बायको न बोलता आमटी भातावर ओतायला लागली. एक दिवस तिने माझ्या लेंग्याची नाडी बांधली आणि गाठ मारून झाल्यावर वर बघितलंच नाही. मीही छताकडे बघत उभा राहिलो. बावन्न वर्षांच्या संसारात एवढी लाज मला कधी वाटली नव्हती.

आखणी मात्र मी सोडली नाही. डाव्या हाताने उजवं मनगट धरायचं, कोपर लाकडी फळीवर टेकवायचं आणि ब्रश मूर्तीला लागला की हात जरा शांत व्हायचा. ही एक गोष्ट मला धीर द्यायची. काम करताना कमी थरथरतो म्हणजे हात शाबूत आहे, असं मी स्वतःला सांगायचो. तोल गेल्यासारखं वाटलं तर ती चक्करच धरायची आणि एकाऐवजी दोन गोळ्या घ्यायच्या. दोन घेतल्यावर हात आणखी कापायचा. तो म्हातारपणाने कापतोय म्हणायचं आणि पुन्हा दोन घ्यायच्या.

वैशाखात एका सकाळी मी मांडणीसमोर उभा राहिलो आणि मला एक डोळा दिसला. मूर्ती माझी होती, मी आदल्या आठवड्यात काढलेली. पण पापणी मोठी झाली होती. जवळ गेलो. माझ्या रेघेवरून दुसरी रेघ गेली होती, बुबुळही बाहेरून वाढवलेलं होतं. काम वाईट नव्हतं. म्हणूनच मला जास्त लागलं.

"कोणी हात लावला याला?"

सून सोनेरी रंगाची वाटी खाली ठेवून म्हणाली, "मी."

"का?"

"व्यापाऱ्याने माघीच्या गाडीभर मूर्ती परत आणून ठेवल्या होत्या, मामा. म्हणाला, बाप्पा झोपेत वाटतो. डोळे बारीक बारीक झालेत."

"कुठाय बारीक?"

तिने माझा हात धरून मला मांडणीच्या पलीकडच्या टोकाला नेलं. तिथे गेल्या मोसमात राहून गेलेली एक मूर्ती होती. तिच्या शेजारी तिने माझी आदल्या दिवशीची ठेवली. दोन्ही एकाच साच्यातल्या. एकीचे डोळे उघडे होते. दुसरीचे इतके लहान की वाटावं उन्हात उभी आहे. मला एकेक मूर्ती काढताना हे कधी दिसलं नव्हतं. डोळे रोज जरा जरा लहान होत गेले आणि मी रोज कालच्याशीच तुलना करत होतो.

"किती दुरुस्त केल्यास?"

तिने बोटाचा सोनेरी रंग फडक्याला पुसला.

"किती गो?"

"फाल्गुनापासूनच्या सगळ्या."

मी बाहेर येऊन ओट्यावर बसलो. जेवायला उठलो नाही. बायकोने दोनदा हाक मारली, तिसऱ्यांदा ताट ओट्यावर आणून ठेवलं आणि म्हणाली, "राग तिच्यावर काढू नका. ती रडत रडत करायची." मला राग नव्हता. तीन महिने माझ्या माघारी माझं काम कुणी तरी निस्तरत होतं आणि मी रोज सकाळी छाती काढून कारखान्यात जात होतो, हे गिळता येत नव्हतं. काहीतरी माझ्या हातून चुकलं असेल, एखाद्या मूर्तीचे डोळे मनात वाईट आणून काढले असतील, म्हणून बाप्पाने हात काढून घेतला असेल, असलेही विचार आले. दुसऱ्या दिवशी दोन गोळ्या घेतल्या.

माझी मुलगी रोह्याला दिलेली आहे. जावई धाटावच्या एका कंपनीत शिफ्टला जातो. तिला बायकोने फोन केला असणार. ती आली आणि माझ्याशी वाद न घालता पिशवी भरून मला रोह्याला घेऊन गेली.

रोह्याच्या डॉक्टरांनी मला चालायला लावलं, बोटं आपटायला लावली, कागदावर नाव लिहायला लावलं. नावाचं पहिलं अक्षर ठीक आलं, शेवटचं मुंगीएवढं. त्यांनी विचारलं, "आजोबा, कोणती औषधं चालू आहेत?"

"एक पण नाय," मी ताठ बसून सांगितलं. "बीपी नाय, शुगर नाय."

मुलगीही मान हलवत होती. तिला काय माहीत! डॉक्टर म्हणाले, कंपवात वाटतो. त्याच्या गोळ्या दिल्या, तीन आठवड्यांनी बोलावलं. पेणला आलो आणि नव्या गोळ्यांनी मळमळायला लागलं, उठताना डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली. म्हणजे परत चक्कर! मग मी डब्यातल्या गोळ्या सकाळ-संध्याकाळ केल्या. हात होता तसाच. मी घरात जाहीर केलं की रोह्याच्या डॉक्टरांना काही कळत नाही. पण आतून मला समजलं होतं की हात गेला. कारखान्यात जाऊन नुसता बसायचो. मूर्ती बिनडोळ्यांच्या साठत चालल्या. सून माझ्यासमोर ब्रश उचलायची नाही आणि मी तिला उचल म्हणायचो नाही. मुलगा एकदा दारात उभा राहून म्हणाला, "बाबा, हमरापुराहून कुणाला तरी बोलावू का आखणीला?" मी त्याच्याकडे असं बघितलं की तो निघून गेला. चेहरा दगड झाल्याचा तेवढा एक फायदा.

तीन आठवडे भरत आले तेव्हा तपासणीच्या आदल्या दिवशीच रोह्याला जाऊन राहिलो. सकाळी मुलीच्या मोरीत हातपाय धुतले आणि सदऱ्याच्या खिशातून पाकीट काढून गोळी तोंडात टाकली. ती चहा घेऊन मागे उभी होती.

"बाबा, ही कसली?"

"चकरेची."

"कसल्या चकरेची? कधीपासून घेताय?"

"गेल्या वर्षीच्या ज्येष्ठापासून."

"रोज?"

"रोज. आता दोन."

तिने कप तिथेच मोरीच्या कठड्यावर ठेवला. "अहो, तुम्ही डॉक्टरांना काहीच घेत नाही म्हणालात ना!"

"हे औषध कुठाय? हे माझ्या कामातलं हाय."

हे मी खरंच असं बोललो. लबाडी नव्हती त्यात. ब्रश, रंग, पाणी, फडका, तशी ती गोळी होती.

डॉक्टरांनी ते पाकीट हातात घेऊन उलटसुलट केलं. मग त्यांनी खुर्ची माझ्याजवळ ओढली. म्हणाले, "आजोबा, ही गोळी चार-पाच दिवस घ्यायची असते. म्हाताऱ्या माणसाने महिनोन् महिने घेतली तर हात कापतात, पाय घासतात, चेहरा हलत नाही, अक्षर बारीक होतं. हुबेहूब कंपवात. कानाच्या चकरेची साधी गोळी म्हणून कुणी तिचं नावही घेत नाही. मीही पाकीट मागून घ्यायला हवं होतं. तुमच्या शब्दावर राहिलो."

"म्हणजे हात गेला नाय?"

"तसं मी म्हणत नाही. ही गोळी आजपासून बंद. माझ्याही बंद करून बघू. बऱ्याच जणांचा कंप काही महिन्यांत उतरतो. काहींना वर्ष लागतं. काहींचा थोडा राहतो. आणि कधी कधी खरा कंपवात आत दबा धरून असतो, तो गोळीने लवकर बाहेर काढलेला असतो. मग तो जात नाही."

"गणपतीपर्यंत?"

"गणपतीपर्यंतचा शब्द मी देत नाही."

"आणि गोळी बंद केल्यावर चक्कर आली तर?"

त्यांनी मला टेबलावर बसवलं, डोकं दोन्ही हातांनी धरलं आणि एकदम आडवं केलं, मान एका बाजूला. मी टेबलाची कड गच्च धरली. काही झालं नाही. दुसऱ्या बाजूला केली. छत जागेवर होतं.

"चक्कर नाहीच आहे आता," ते म्हणाले. "बहुतेक गेल्या वर्षी आपोआपच गेली असणार, जाते ती पुष्कळदा. आता जी अंधारी येत होती ती माझ्या गोळ्यांनी."

मी टेबलावरून उतरून चपला शोधायला लागलो. पायाशीच होत्या, पण सापडेनात. जी चक्कर नव्हती तिच्यासाठी मी वर्षभर हात झिजवला होता. मान वळवायला दोन मिनिटं लागली असती. तीही मी दिली नव्हती, कारण दुसऱ्याच्या हातात मान द्यायची नव्हती. हे लिहितानाही अक्षर ओळीच्या शेवटी बारीक होतंय. कोणापासून लपवायला म्हणून वरून परत गिरवत नाही, तसंच ठेवतो.

मुलगी मला सोडायला एसटीने पेणपर्यंत आली. नागोठण्यापर्यंत खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "एकदा तरी सांगायचं होतं, बाबा."

"सांगण्यासारखं काय होतं त्यात?"

"हेच. तुम्हाला कधी काही सांगण्यासारखं वाटतच नाही." मग डोळे पुसून म्हणाली, "आई म्हणते तेच खरं. दगडातून गणपती काढता येईल, तुमच्या तोंडून शब्द नाही निघायचा."

मला हसू आलं असावं. चेहऱ्यावर ते पोचलं नाही, म्हणून तिला कळलं नाही. वडखळला गाडी बराच वेळ थांबली. मी खिशात हात घालून बघितलं. पाकीट तिने आधीच काढून घेतलं होतं.

घरी तिनेच सगळं सांगितलं. बायको ऐकत होती आणि पदराचं टोक पिळत होती. मुलाने विचारलं, "मग मूर्तींचं काय? व्यापारी आषाढापासून उचलायला येतील." कोणी माझ्याकडे बघितलं नाही. मी म्हणालो, "उद्या बघू," आणि भिंतीकडे तोंड करून पडलो. रात्री माझी कूस बदलायला बायकोलाच उठावं लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हातपाय धुतले आणि काहीही न घेता कारखान्यात गेलो. बाहेर आभाळ होतं, आत अंधारलेलं होतं. सून कंबरपट्ट्याचं सोनेरी काम करत होती. मी माझ्या पाटाशी गेलो, पण बसलो नाही.

"इकडे ये गो."

ती आली.

"बस."

"मामा, तुमचा पाट..."

"बस म्हटलं ना. उजवा डोळा आधी घे. घाई करू नको."

ती बसली. ब्रश तिने पाण्यात बुडवला, निपटला, काळ्यात टेकवला आणि मूर्तीपाशी नेऊन थांबली. उजेड पुरत नव्हता. कोपऱ्यात चार्जिंगची बत्ती होती, ती मी उचलली आणि मूर्तीच्या तोंडाजवळ धरली. गणपतीचं सगळं तोंड थरथरायला लागलं. सोंडेची सावली कपाळावर वर-खाली नाचत होती. तिने थोडा वेळ वाट बघितली. मी दुसरा हात लावून बघितला. नाचणं थांबेना.

"मामा," ती हळूच म्हणाली, "बत्ती खाली ठेवा."

मी एक रिकामा डबा पालथा केला, त्यावर बत्ती ठेवली, उजेड बरोबर डोळ्याच्या जागी येईल अशी वळवली आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून तिच्या शेजारी बसलो.